खर्ज किती घ्यावा?



या व्यासपीठावर वेदान्तापासून नाट्यसंगीतापर्यंत मोठमोठे विषय होतात. कामगार संघटनेत उमर घालवलेल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कामाचे तास यांच्यापलीकडे जाणार नाही, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र कानात घालायच्या इअरफोनविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण या मंडपातील निम्म्या लोकांच्या खिशात ही वस्तू आत्ता आहे, आणि मागच्या रांगेतील ज्या दोन-चार तरुणांच्या कानात ती आहे त्यांना आमचा विषय कोणता हे घरी गेल्यावरच कळेल. पूर्वी पुरुषाच्या कानात भिकबाळी असे. ती निदान कानाला काही करीत नव्हती.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. ध्वनिशास्त्र आम्ही शिकलो ते यंत्रमागाच्या खात्यात आणि मग, का ऐकू येत नाही हे समजून घेण्यासाठी, सार्वजनिक वाचनालयात. धोट्याच्या मागांची खाती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. तिथे आवाज शंभर डेसिबेलच्या आसपास असतो आणि माणसे ओठ पाहून बोलतात. हल्ली त्या खात्यात विशीतला पोरगा कानात इअरफोन घालून उभा असतो. मागाचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून तो गाणे त्याच्यावर चढवतो, आणि गाण्यात खर्ज भरपूर हवा म्हणतो. असे पोरगे आमच्या कचेरीत येऊन विचारतात, "काका, बेस कमी-जास्त करता येईल असा चांगला इअरफोन कुठला घ्यावा?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. कष्ट करणाऱ्याला गाणे चांगले ऐकू यावे हीदेखील मागणीच आहे, आणि ती रास्त आहे.

तेव्हा आधी बेस म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेत त्याला खर्ज म्हणावे. शब्द जुना आहे आणि नेमका आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पुरुष गवई काळी एक पट्टीत गातो तेव्हा त्याचा मध्य षड्ज १३९ कंपनांच्या जवळपास असतो, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर लावलेली असते. डग्ग्याचा घुमारा याच प्रांतातला. म्हणजे आपल्या संगीताचा खर्ज बहुतेक करून ६० ते १५० कंपनांच्या दरम्यान राहतो. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या पेट्यांतून जे छातीत आदळते ते त्याहून खालचे, ३०-४० कंपनांचे. इअरफोनच्या खोक्यावर 'एक्स्ट्रा बेस' असे ठळक छापलेले असते तो रोख बहुधा या खालच्या धक्क्याकडे असतो. ज्याला यंत्रावर रचलेले नाचाचे संगीत ऐकायचे आहे त्याने तो जरूर घ्यावा. पण अभंग, लावणी, ख्याल ऐकणाराला त्या तळघरात फारसे काम नाही. त्याला हवा आहे तो वरच्या मजल्यावरचा स्वच्छ खर्ज.

डग्ग्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशावर काम करून १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवले हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच्या दहा वर्षे आधी, १९२० साली, त्यांनी आपल्या तबला-मृदंगावर 'नेचर' या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला होता. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, नुसता 'धब' आवाज येतो. आपल्या कारागिरांनी कातड्यावर शाईचा थर चढवून ते कातडे अशा तऱ्हेने जड केले की वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसू लागले आणि चामड्यातून सूर निघाला. ती शाई कोणी, केव्हा शोधली याची नोंद नाही. कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवत नाही. इअरफोनमधील पडदा बनवणाराही आज तेच करतो: कुठे जड करावे, कुठे हलके ठेवावे, कुठे ताणावे. आणि खर्ज कमी-जास्त करण्याची सोय तर तबलजीच्या मनगटातच आहे. डग्ग्यावर मनगट सरकवले की स्वर चढतो-उतरतो. चांगल्या इअरफोनची आमची परीक्षा हीच. डग्ग्याची ती मींड स्वर म्हणून वर जाताना ऐकू आली पाहिजे. नुसता 'धूं' एवढेच ऐकू आले तर खर्ज भरपूर आहे, पण खरा नाही.

आता खर्ज हातात असावा, कमी-जास्त करता यावा, याची गरज का? हौस म्हणून नव्हे. याचे कारण आपल्या कानाच्या घडणीत आहे, आणि ते १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी मोजून दाखवले. कान सर्व स्वर सारख्या न्यायाने ऐकत नाही. नंतरच्या आंतरराष्ट्रीय मोजमापाचे आकडे घेऊ. १००० कंपनांचा एक स्वर ४० डेसिबेलवर, म्हणजे हळू, वाजवला. १०० कंपनांचा खर्ज तेवढाच मोठा वाटावा असे म्हटले तर तो सुमारे ६४ डेसिबेलवर वाजवावा लागतो. चोवीस डेसिबेलचा फरक झाला. आता पहिला स्वर ८० डेसिबेलवर नेला तर खर्जाला ९२ च्या आसपास पुरतात. फरक बारावर आला. याचा अर्थ असा की आवाज मोठा केला की खर्ज आपोआप भरतो, आणि आवाज लहान केला की सर्वांत आधी खर्जच निघून जातो. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून आपण गाणे हळू लावतो आणि ते फिके लागते, ते यामुळे. माणूस आवाज वाढवतो तो पुष्कळदा आवाजासाठी नव्हे, हरवलेल्या खर्जासाठी.

इथे खर्जाच्या किल्लीचा खरा उपयोग आहे. आवाज खाली ठेवा आणि खर्ज चार-सहा डेसिबेल वर घ्या. गाणे भरलेले लागेल आणि कानावरचा बोजा कमी होईल, कारण तेवढ्याच डेसिबेलचा खर्ज कानाला मधल्या व वरच्या स्वरांइतका अपाय करीत नाही. पण आमची पोरे करतात ते नेमके उलटे. ती आवाजही वर नेतात आणि खर्जही. मग आणखी एक गोष्ट घडते. खालचा स्वर जोरात असला की तो वरच्या स्वरांना झाकतो; वरचा स्वर खालच्याला तितकासा झाकू शकत नाही. खर्जाच्या पुरात गाणाराचे शब्द बुडतात, शब्द ऐकू यावेत म्हणून पुन्हा आवाज वाढतो, आणि ही चढाओढ फोनमधील पट्टी संपेपर्यंत चालते. आमच्या मते सहा डेसिबेलच्या वर खर्ज वाढवावा लागत असेल तर दोष खर्जात नाही. तो कानात वस्तू नीट न बसण्यात आहे.

ही बसण्याची बाब इतकी महत्त्वाची आहे की तिच्यापुढे कंपनी, किंमत आणि जाहिरात तिन्ही गौण आहेत. इअरफोनमधील पडदा दहा-बारा मिलिमीटरचा, बोटाच्या नखाएवढा. एवढ्याशा पडद्याने खोलीभर खर्ज निघणे शक्य नाही. पण कानाची नळी सुमारे पंचवीस मिलिमीटर लांब आणि एका टोकाला बंद. तिचे दुसरे टोक रबरी टोपीने बंद केले की आतली हवा मूठभरही उरत नाही, आणि तेवढी हवा हलवायला तो पडदा पुरून उरतो. फट राहिली तर? सायकलच्या पंपाचा वॉशर झिजलेला असला की काय होते ते आठवावे. दांडा सावकाश दाबला तर हवा बाजूने निसटून जाते; झटक्याने दाबला तर निदान थोडा दाब येतो. खर्ज म्हणजे सावकाश दाबणे. फटीतून तोच आधी पळतो, वरचे स्वर तसेच राहतात, आणि गिऱ्हाईक म्हणते की या इअरफोनला बेस नाही. वास्तविक त्याला दोन रुपयांच्या टोपीचा आकार बदलायचा असतो.

म्हणून खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन तरी जोड्या टोप्या असाव्यात. दोन्ही कानांना एकच माप लागते असेही नाही. पुष्कळांचा डावा कान आणि उजवा कान सारखा नसतो. टोपी घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते, मग इअरफोन किंचित फिरवून आत बसवावा. नीट बसला की स्वतःचे बोलणे मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे घुमते. तसे घुमले नाही तर तो बसलेला नाही. सिलिकॉनच्या टोप्या धुता येतात आणि टिकतात. फोमच्या टोप्या दाबून घालायच्या, त्या कानात फुगून फट अधिक चांगली बुजवतात, पण काही महिन्यांत कडक होतात. चांगली बसलेली टोपी बाहेरचा गोंगाटही वीसेक डेसिबेलने अडवू शकते. एस.टी.च्या आणि लोकलच्या प्रवासात याची किंमत फार, कारण गाडीचा गडगडाट खर्जाच्याच प्रांतात असतो आणि गाण्यातला खर्ज तोच गिळतो.

कानात नीट बसणाऱ्या या वस्तूचा मोठा वापर सुरू झाला तोही गोंगाटातल्या कामावरच. १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या अमेरिकन वाद्यवृंदाचा ढोलवादक अॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी असे इअरफोन बनवले. रंगमंचावर स्वतःचे वाद्य ऐकू यावे म्हणून पायाशी मोठमोठे कर्णे ठेवावे लागत आणि त्यांचा मारा वादकाच्याच कानांवर होई. कान बंद करून आत हळू आवाज दिला की कर्ण्यांची जरूर उरत नाही. त्यात जी बारीक यंत्रे वापरली जातात, ज्यांना 'बॅलन्स्ड आर्मेचर' म्हणतात, ती मुळात बहिऱ्या माणसांच्या श्रवणयंत्रांसाठी घडवलेली. बहिऱ्यांसाठी काढलेली वस्तू आज धडधाकट पोरे कानात घालून कशाच्या वाटेला लागली आहेत, हे पाहून आम्हाला कधीकधी हसू येते आणि कधी येत नाही.

आता खर्ज कमी-जास्त करण्याच्या तऱ्हा. पहिली तऱ्हा हवेच्या भोकाची. पडद्याच्या खोलीला बारीक भोक असते. ते जितके उघडे किंवा मिटलेले, त्यावर खर्ज ठरतो. बासरीवाल्याला हे सांगावे लागत नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने २००८ साली आय.ई. ८ आणि पुढे आय.ई. ८० हे नमुने काढले; त्यांत इअरफोनच्या बाहेरच्या अंगाला मोहरीएवढा स्क्रू होता आणि तो फिरवायला हत्यार खोक्यातच दिलेले होते. स्क्रू फिरवावा, खर्ज हवा तेवढा घ्यावा. आम्हाला ही तऱ्हा सर्वांत आवडते, कारण तिला बॅटरी लागत नाही, फोन बदलला तरी ती बदलत नाही, आणि काय झाले हे डोळ्यांना दिसते. वैगुण्य एवढेच की दोन्ही कानांचे स्क्रू सारखे फिरले की नाही याचा अंदाज आपल्यालाच घ्यावा लागतो. शिवाय भोक मिटवून खर्ज कमी केला तरी त्याचा स्वभाव पालटत नाही. जो इअरफोन मुळात खर्जाकडे झुकणारा आहे तो झुकणाराच राहतो.

दुसरी तऱ्हा तोंड बदलण्याची. ऑस्ट्रियातील व्हिएन्नाच्या ए.के.जी. कंपनीचा के ३००३ हा २०११ चा नमुना घ्या. नळीच्या टोकाला फिरवून बसवायच्या तीन जोड्या गाळण्या त्याच्याबरोबर येत: एक खर्ज वाढवणारी, एक समतोल, एक वरचे स्वर वाढवणारी. ही कंपनी १९४७ सालची. मालकी हस्तांतरे होत होत २०१७ मध्ये व्हिएन्नातील तिचे काम बंद करण्यात आले. तिथल्या काही कामगार-तंत्रज्ञांनी त्याच वर्षी एकत्र येऊन ऑस्ट्रियन ऑडिओ नावाची नवी कंपनी उभी केली आणि ते पुन्हा मायक्रोफोन बनवू लागले. विषय सोडून हे सांगितले, पण आमच्यासारख्याला सांगितल्यावाचून राहवत नाही.

तिसरी तऱ्हा विजेची. काही महाग नमुन्यांत केबलवरच बारीक चक्र्या असतात. अलीकडे चिनी कारखान्यांनी ही सोय स्वस्त केली आहे. इअरफोनच्या अंगावर टाचणीने सरकवायची तीन-चार खटकी असतात आणि कुठले खटके वर घेतले म्हणजे काय वाढते त्याचा तक्ता बरोबर येतो. हजार-दोन हजार रुपयांत असा नमुना मिळतो. त्यांत उत्तम आहेत आणि नुसती खटकी लावलेलेही आहेत. सर्व खटकी खाली-वर करूनही फरक कळत नसेल तर पैसे खटक्यांचे घेतले असे समजावे.

चौथी तऱ्हा फोनमधल्या इक्वलायझरची, आणि ती सर्वांपाशी आहे. बिनतारी इअरफोनवाल्यांना तर कंपनीच्या अॅपमध्ये हीच मिळते. तिचे एक पथ्य मात्र सांगणे जरूर आहे. फोनमधील आवाज आकड्यांत साठवलेला असतो आणि त्या आकड्यांना वरची हद्द आहे. हल्लीची गाणी त्या हद्दीपर्यंत भरूनच येतात. शिगोशीग भरलेल्या पायलीत आणखी दोन ओंजळी टाकल्या तर धान्य सांडते, तसे वरून खर्ज घातला की आवाज फाटतो. तेव्हा खर्ज सहा डेसिबेल वाढवायचा असेल तर 'प्रीअॅम्प' नावाची पट्टी सहाने खाली घ्यावी, मग खर्ज वाढवावा. अशी पट्टी नसेल तर खर्जाशिवायच्या बाकी सर्व पट्ट्या खाली ओढाव्यात. काम एकच होते.

मग यांतली कुठली घ्यावी? तार असलेला, समतोल आवाजाचा, चांगला बसणारा इअरफोन घ्यावा आणि खर्ज फोनमधून वाढवावा, हे ज्याला रोज नव्या गोष्टी करून पाहायच्या नाहीत त्याला पुरेसे आहे. ज्याच्या फोनमध्ये तार लावण्याचे भोकच नाही (आयफोनने ते २०१६ साली बुजवले आणि मग बाकीच्यांनी हळूहळू तोच कित्ता गिरवला) त्याने यूएसबीचा लहान जोड घ्यावा. बिनतारी वस्तू सोयीची खरी. पण तिच्या पोटातील बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बहुधा बदलता येत नाही, म्हणजे आवाज देणारा भाग शाबूत असताना सबंध वस्तू टाकावी लागते. तारेच्या इअरफोनमध्ये मोडते ती तार. ती काढ-घाल करता येणारी असली की नवी आणून लावता येते. मजुरीच्या पैशाने घेणाराने ही गोष्ट आधी पाहावी.

खोक्यावरील आकड्यांत '१० ते २०,००० हर्ट्झ' असे असते त्यावरून काही कळत नाही. त्या टोकांना आवाज किती उरतो हे लिहिलेले नसते. 'मोठा ड्रायव्हर' यावरूनही खर्जाची प्रत कळत नाही. १६ ते ३२ ओहम आणि शंभराच्या वर संवेदनक्षमता एवढे असले की कुठलाही फोन तो वाजवू शकतो. बाकी कानाने ठरवावे. दुकानात जाताना आपले पाठ असलेले गाणे न्यावे, ज्यात एक स्त्रीचा आवाज, एक पुरुषाचा आणि तालवाद्य असेल. दोन नमुने ताडून पाहताना आवाज सारखा ठेवावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. विक्रेत्यांना ही गोष्ट फार दिवसांपासून ठाऊक आहे. पहिल्या मिनिटाला भारून टाकणारा खर्ज विसाव्या मिनिटाला डोके दुखवतो, म्हणून घाई करू नये. आणि तंबोरा ऐकावा. जवारीचा झणकार ऐकू येतो की नुसती घूं-घूं, यात पुष्कळ कळते.

आता खात्यातल्या पोराकडे येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली मिळून जे मान प्रसिद्ध केले त्यात मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबेल, आणि लहान मुलांनी तेवढेच तास ७५, असा हिशेब आहे. दर तीन डेसिबेलला वेळ निम्मी करायची. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५; ९५ वर गेलात तर आठवड्याला सव्वा तास. कामाच्या जागेसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याखालील नियमांनी आठ तासांना ९० डेसिबेलची मर्यादा घातली होती. कामगारांची संख्या कागदावर दहाच्या आत दाखवली की तो कायदा दाराबाहेरच थांबे, हे वेगळे. शंभर डेसिबेलच्या खात्यात गाणे ऐकू येण्यासाठी ते किती मोठे लावावे लागत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. कानाच्या शंखात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आधी ४००० कंपनांच्या आसपासच्या जातात. मग 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरे पुसट होतात. माणूस म्हणतो, ऐकू येते पण समजत नाही. घरची माणसे म्हणतात, मुद्दाम दुर्लक्ष करतात. आमच्या जुन्या सोबत्यांपैकी कितीतरी जण संघटनेच्या सभेत आता पुढच्या रांगेत बसतात आणि हात कोणी वर केले ते पाहून हात वर करतात.

म्हणून खात्यात गाणे नको, हे आम्ही त्या पोरांना स्पष्ट सांगतो. तिथे फोमचे साधे बोळे घालावेत, जे मालकाने पुरवले पाहिजेत. इअरफोन हे संरक्षणाचे साधन नव्हे, आणि माग अडकल्याची किंवा शेजाऱ्याची हाक त्यातून ऐकू येत नाही. पाळी सुटल्यावर कानाला तासभर निवांत ठेवावे. मग घरी, पंखा लहान करून, नीट बसलेल्या टोपीने, आवाज फोनच्या पट्टीच्या निम्म्याच्या खाली ठेवून आणि खर्ज चार डेसिबेल वर घेऊन हवे ते ऐकावे. ऐकल्यावर कानात शीळ वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी पट्टी आणखी खाली.

आणि टोप्या आठवड्याला एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, पूर्ण वाळल्यावरच बसवाव्यात. नळीच्या टोकाशी बारीक जाळी असते, तिच्यात मळ अडकला की एका बाजूचा आवाज बसतो आणि लोक नवा इअरफोन आणतात. जाळी खाली तोंड करून धरावी आणि जुन्या दातांच्या मऊ ब्रशने हलकेच झाडावी. टाचणी घालू नये. टाचणीने जाळी फाटते आणि मळ थेट पडद्यावर जातो.